निघण्यापूर्वीचा हिशेब

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:१-४४
सोबत वाचावे : मत्तय २५:१-१३, लूक १४:२८-३०, अनुवाद २५:१३-१५
पाठाचा हेतू : जी चूक निघण्यापूर्वी दोन मिनिटांत सुधारता येते तीच वाटेत जिवावर बेतते, हे ओळखून प्रत्येकाने आपल्या वाट्याची तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी करावी, आणि चूक सांगणाऱ्यास आपल्याजवळ येण्याची वाट मोकळी ठेवावी.



सांबऱ्याची धावपट्टी बेळगावच्या लोकांना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाने ती बांधली. पुढे तेथे भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आली. २०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले गेले त्यांत बेळगाव होते, आणि महाराष्ट्रातील जळगावही होते. तेव्हापासून मोठ्या विमानांबरोबर लहान शिकाऊ विमानेही आपल्या आकाशात दिसू लागली. ३० मे २०२३ रोजी असेच एक दोन आसनी विमान तांत्रिक बिघाडामुळे होन्नीहाळजवळ शेतात उतरवावे लागले. आतील दोघेही वाचले, ह्याबद्दल आपण देवाचे उपकार मानले.

त्यानंतरच्या एका रविवारी वर्गातील एका लहान मुलीने आम्हांस विचारले, "सर, वर गेल्यावर पेट्रोल संपलं तर विमान कुठं थांबतंय?" मुले हसली. आम्हीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला. मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. बैलगाडीचे चाक मोडले तर गाडीवान खाली उतरतो. विमानाला आकाशात कडेला उभे राहण्याची जागाच नाही. म्हणून त्याचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा लागतो. आजचा पाठ त्या मुलीच्या प्रश्नातून निघाला आहे.

१. चूक जमिनीवर, प्रचिती आकाशात

विमानाचे इंधन एकाच प्रकारचे नसते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. मोठी जेट विमाने ज्या इंधनावर चालतात ते रॉकेलच्या जातीचे, फार शुद्ध केलेले तेल असते. ते रंगहीन किंवा फिकट पिवळसर दिसते. पिस्टनच्या इंजिनाची बहुतेक लहान विमाने मात्र पेट्रोलच्या जातीच्या इंधनावर चालतात, आणि घोटाळा होऊ नये म्हणून त्याच्या प्रचलित प्रकाराला निळा रंग दिलेला असतो. काही नव्या लहान इंजिनांना आणखी वेगळे इंधन चालते. म्हणून टाकीच्या झाकणाशी कोणते इंधन हवे ते स्पष्ट लिहिलेले असते, आणि इंधनाच्या गाडीवरही पेट्रोलसाठी लाल व जेटच्या तेलासाठी काळी पाटी असते.

इतके करूनही चूक होते. पेट्रोलच्या इंजिनात जेटचे तेल भरले गेले तर काय होते ते लक्षपूर्वक पाहावे. इंजिन सुरू होते! नळ्यांत आधीचे चांगले पेट्रोल उरलेले असते, त्यावर ते बिनतक्रार चालते. विमान धावपट्टीपर्यंत जाते, वेग घेते, जमीन सोडते. मग नळ्यांतील चांगले इंधन संपून चुकीचे तेल इंजिनात पोहोचते, आत ठोके पडू लागतात आणि शक्ती नाहीशी होते. त्या वेळी विमान झाडांच्या थोडेसेच वर असते. चूक जमिनीवर झाली होती, पण जमिनीवर असेपर्यंत तिने तोंड उघडले नाही.

दहा कुमारींच्या दाखल्यात हीच गोष्ट आहे. मूर्ख कुमारींजवळ दिवे नव्हते असे नाही. घरातून निघताना दहाही दिवे सारखेच उजळ दिसले असतील. रस्त्यावरून पाहणाऱ्याला शहाण्या कोण व मूर्ख कोण हे ओळखता आले नसते. फरक होता तो भांड्यांतल्या तेलाचा, आणि तो मध्यरात्री कळला. तेव्हा दुकानात जायची वेळ टळून गेलेली होती.

वैमानिकाला हे ठाऊक असते. म्हणून चांगला वैमानिक उड्डाणापूर्वी विमानाभोवती पायी फिरतो. पंखाखाली टाकीच्या तळाशी एक लहान तोटी असते. तेथून तो काचेसारख्या स्वच्छ पेल्यात थोडे इंधन काढून उजेडात धरतो, रंग पाहतो, वास घेतो. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने ते तळाला बसते. अर्धवट रिकामी टाकी रात्रभर थंडीत राहिली की आतल्या हवेतील ओलावा थेंब होऊन उतरतो, आणि तेवढे पाणीही इंजिन बंद पाडण्यास पुरे असते. संशय आला तर कागदावर एक थेंब टाकून पाहतात. पेट्रोल उडून जाते, जेटचे तेल तेलकट डाग ठेवते. ह्या सर्वाला काही मिनिटे लागतात.

आपल्या देशात ही दक्षता विमानाइतकीच जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूस आले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्या लहानशा विमानासाठी पेट्रोल बैलगाडीवरून डब्यांतून आले होते. त्या काळी डब्यातील पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतण्याची रीत होती. त्या कातड्यातून पेट्रोल जाई आणि पाणी अडून राही. साधने बैलगाडीची होती, पण गाळून घेण्याची शिस्त विमानाची होती.

२. माप कोणाचे?

आता इंधनाचा प्रकार बरोबर आहे, पण प्रमाण चुकले, असे समजू.

आमच्या आजीच्या घरी निपाणीला लाकडी शेर आणि पितळी मापटे होते. शेर, पायली, मण ही तिची भाषा. एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेच्या पायलीशी नेहमी जुळत नसे, म्हणून शहाणी बाई बाजारात आधी विचारी, "माप कुठलं?" आणि मग भाव करी. १९५६ च्या कायद्यानंतर देशात किलो व लिटर टप्प्याटप्प्याने आले, तरी आजीने शेवटपर्यंत किलोचा भाव मनात शेरावर बेतून घेतला. दोन मापांच्या मधल्या काळात फसगत होते ती नेहमी लबाडीनेच होते असे नाही. पुष्कळदा ती सवयीने होते.

कॅनडात असाच मधला काळ चालू असताना २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक नवे कोरे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्यात ६१ प्रवासी व ८ कर्मचारी होते. इंधन दाखविणारे काटे त्या दिवशी बंद होते, म्हणून टाकीत काठी घालून इंधन मोजले गेले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. आता लिटरचे किलो करायचे. त्या तेलाचे एक लिटर सुमारे ०.८ किलो भरते. परंतु हिशेबासाठी जो आकडा हाती होता तो १.७७ होता. एका लिटरचे पौंड किती, हे सांगणारा तो आकडा. जुन्या विमानांचा हिशेब पौंडांत चाले, नव्या विमानाचा किलोंत होता.

हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. ७,६८२ ला १.७७ ने गुणले की १३,५९७ येतात. ते त्यांनी किलो समजले. खरे तर ते पौंड होते, आणि टाकीत सहा हजार किलोंहून थोडेसेच अधिक तेल होते. ह्या समजुतीने त्यांनी फक्त ४,९१६ लिटर आणखी भरले. भरायला हवे होते सुमारे २०,००० लिटर. विमान लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन निघाले.

येथे दोन गोष्टी शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्याव्यात.

पहिली अशी की त्यांनी तपासणी केली नाही असे नव्हे. ओटावाला विमान उतरल्यावर पुन्हा काठी घालून मोजले, आणि पुन्हा त्याच १.७७ ने गुणले. उत्तर जुळले, मने निश्चिंत झाली. चुकीच्या मापाने दोनदा मोजले तर दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळतात. पण ती खऱ्याशी जुळत नाहीत. अनुवादात पिशवीतल्या दोन वजनांविषयी जी आज्ञा आहे ती आपण नेहमी व्यापाऱ्यांना वाचून दाखवितो. ती आपल्यालाही आहे. आपण आपल्या जीविताची तपासणी रोज करीत असू, पण शेजाऱ्याला मोजायचे वजन एक आणि स्वतःला मोजायचे वजन दुसरे असेल, तर रोजचा हिशेब बरोबरच येत राहणार.

दुसरी गोष्ट. पूर्वीच्या मोठ्या विमानांत फ्लाइट इंजिनिअर नावाचा तिसरा अधिकारी असे, आणि इंधनाचा हिशेब तो पाही. नव्या विमानात ती जागाच उरली नव्हती. ते काम आता नक्की कोणाचे, हे कोणालाच स्पष्ट नव्हते. वैमानिकांना वाटले की जमिनीवरच्या लोकांनी पाहिले असेल, जमिनीवरच्यांना वाटले की वैमानिक पाहतील. आपल्या मंडळीत असे कधी होत नाही काय? देणग्यांची वही, आजाऱ्यांची भेट, उपासनामंदिराच्या छपराची गळती ही कामे सर्वांची असतात, आणि पावसाळा लागला की कळते की ती कोणाचीच नव्हती.

४१,००० फुटांवर अर्ध्या वाटेत त्या विमानाची दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ह्यांना इंजिनाविना तरंगणारी ग्लायडर विमाने चालविण्याचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल ह्यांनी पूर्वी गिमली नावाच्या हवाई तळावर नोकरी केली होती. तो तळ बंद झाला होता आणि त्याच्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे जमली होती. तेथेच त्यांनी ते प्रचंड विमान आवाज न करता उतरविले. पुढचे चाक दुमडले, नाक जमिनीवर घासत गेले, पण एकही जीव गेला नाही. लोक त्या विमानाला पुढे गिमलीचा ग्लायडर म्हणू लागले. वैमानिकांचे कौशल्य मोठेच. तरी ज्या कौशल्याची गरज पडली ती एका गुणाकाराच्या चुकीमुळे पडली, हे विसरू नये.

३. दक्षिणेचा मंद वारा

किती इंधन घ्यावे ह्याचा नियम समजून घेण्यासारखा आहे. ठिकाणापर्यंत पोहोचण्याचे इंधन घ्यायचे. वाटेतल्या अडचणींसाठी थोडे अधिक घ्यायचे. ठिकाणी उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाण्याचे घ्यायचे. आणि जेट विमानासाठी त्याच्याही वर अर्धा तास आकाशात राहता येईल इतके शेवटचे राखीव. मग टाकी सदा तुडुंबच का भरू नये? कारण इंधनालाही वजन असते, आणि ते वजन वाहून नेण्यातच इंधन जळते. आपल्या सीमाभागातले ट्रकवाले हा विचार जाणतात. दोन राज्यांच्या करांमुळे कोगनोळीच्या हद्दीच्या अलीकडे व पलीकडे डिझेलचा दर निराळा असतो. कोठे किती भरायचे ह्याचा हिशेब ते घरूनच करून निघतात. लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने बुरूज बांधणाऱ्या माणसाविषयी जे सांगितले ते हेच. आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अडते आणि पाहणारे हसतात.

परंतु आकडे बरोबर असूनही माणूस निर्णयात चुकतो. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक एअरबस ए-३०० विमान मद्रासहून हैदराबादला गेले. खाली नीट दिसत नव्हते म्हणून उतरता आले नाही. पुन्हा वर चढताना पंखांच्या मागच्या झडपा बाहेरच अडकून राहिल्या. अशा झडपा उतरताना उपयोगी असतात, पण त्या बाहेर ठेवून दूर जायचे म्हणजे छत्री उघडून वाऱ्याविरुद्ध सायकल चालविण्यासारखे आहे. इंधन नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक जळते. तरी विमान मद्रासकडेच परत निघाले, आणि मद्रास येण्यापूर्वीच इंधन संपले. तिरुपतीजवळ भातशेतात ते उतरवावे लागले. आतील २६२ माणसे सर्वच्या सर्व वाचली. निघताना केलेला हिशेब वाटेत परिस्थिती बदलली की जुना होतो. तो पुन्हा मांडावा लागतो, आणि जवळचे ठिकाण निवडण्यासाठी मनातले ठिकाण सोडावे लागते.

आता आपला मुख्य शास्त्रपाठ उघडू या. सत्ताविसाव्या अध्यायात पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. क्रेत बेटावरील सुंदर बंदरे नावाच्या ठिकाणी तारू येऊन थांबले. उपासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे समुद्रप्रवासाचा हंगाम संपत आला होता. पुढे गेलो तर मालाचे, तारवाचे आणि जिवांचेही नुकसान होईल, असा इशारा पौलाने दिला. त्या तारवावर पौलाच्या शब्दाची किंमत किती? तो कैदी होता. शताधिपती यूल्याने तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे ऐकले. ते बंदर हिवाळा काढण्यास सोयीचे नव्हते, बहुतेकांचे मत पुढे जाण्याचे पडले, आणि त्याच वेळी दक्षिणेचा मंद वारा सुटला. सर्वांना वाटले, झाले, आपल्या मनासारखे झाले.

वैमानिकांचे शिक्षक ज्या मोहाविरुद्ध शिष्यांना वारंवार सावध करतात तो हाच. आज पोहोचलेच पाहिजे, माणसे वाट पाहत आहेत, उशीर झाला आहे, बाकीचे सगळे जाऊ म्हणत आहेत, आणि हवा तर किती छान आहे! मनाने आधीच ठरविलेले असले की मंद वाराही देवाची खूण वाटू लागतो. ह्यासाठी वैमानिकास उड्डाणापूर्वी विमानाबरोबर स्वतःलाही तपासण्यास शिकवितात. मी आजारी आहे काय? एखादे औषध घेतले आहे काय? मनावर ताण आहे काय? मद्य घेतले आहे काय? थकलो आहे काय? पोटात अन्न आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर मनाजोगे आले नाही, तर "आज नाही" असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. विमानाचा कॅप्टन कितीही मोठा असो, टाकी भरणाऱ्या पोराने काही सांगितले तर त्याने थांबून ऐकावे. क्रेतच्या बंदरात खरी गोष्ट ज्याला ठाऊक होती त्याच्या हातांत बेड्या होत्या.

४. कुंपणापाशी उभा असलेला मुलगा

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी संकेश्वरच्या पलीकडील एका खेड्यात उपासना घेण्यास आम्ही निपाणीहून निघालो. मंडळीतील एका वडिलांची जीप मागून घेतली होती. ती डिझेलवर चाले. उशीर झाला होता. वाटेत एका पंपावर थांबलो, खाली उतरलो नाही, खिडकीतून पैसे पुढे केले आणि "एवढ्याचं टाक" म्हणालो. कशाचे टाक ते सांगितले नाही. मांडीवर उपदेशाची टिपणे होती, डोळे त्यांत होते. पंपावरचा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने पेट्रोल टाकले.

जीप चालू लागली, आणि आम्हांस काहीच कळले नाही. तवंदीच्या घाटाचा चढ लागला तेव्हा इंजिन खडखडू लागले, धूर आला, आणि गाडी तेथेच उभी राहिली. आम्ही एका ट्रकमधून परत पंपावर आलो. तेथे चार माणसांसमोर त्या मुलाला आम्ही जे बोललो ते ह्या पानावर लिहिण्यासारखे नाही. तो खाली मान घालून उभा होता. मालकाने दुरुस्तीचे पैसे त्याच्या पगारातून कापण्याचे कबूल केले, आणि आम्ही ते न्याय्य मानले. खेड्यात पोहोचलो तेव्हा उपासनेसाठी आलेली माणसे घरी गेली होती.

रात्री जीप परत करताना वडिलांनी एवढेच विचारले, "त्याला डिझेल म्हणून सांगितलं होतंत ना? झाकणावरची अक्षरं पुसलीत, मला नेहमी सांगावं लागतं." आम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात पंपावर गेलो. मुलाने काम सोडले होते. तो कोठला, कोठे गेला, हे कोणी सांगितले नाही. त्या पंपाचे नाव येथे लिहीत नाही, कारण दोष त्या पंपाचा म्हणून ही गोष्ट सांगत नाही.

पुष्कळ दिवसांनी आमच्या वाचनात बॉब हूव्हर ह्या अमेरिकन वैमानिकाची हकीकत आली. विमानांच्या कसरती करून दाखविण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. १९७० च्या दशकात एका प्रयोगानंतर ते दोन प्रवाशांना घेऊन आपल्या पेट्रोलच्या दोन इंजिनांच्या विमानातून निघाले. टाकी भरणाऱ्या तरुणाने ते विमान त्याच जातीचे, पण जेटच्या तेलावर चालणारे समजून त्यात जेटचे तेल भरले होते. जमीन सोडल्यावर थोड्याच उंचीवर दोन्ही इंजिने गेली. हूव्हरांनी विमान कसेबसे उतरविले. विमानाची मोडतोड झाली, तिघांचे प्राण वाचले.

ते परत आले तेव्हा तो तरुण कुंपणापाशी रडत उभा होता. हूव्हर त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि म्हणाले की उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भरायचेस, कारण ही चूक तू पुन्हा कधीही करणार नाहीस ह्याची मला खात्री आहे.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. अशी चूक पुन्हा कोणाच्याही हातून होऊ नये म्हणून जेटच्या तेलाच्या नळीचे तोंड रुंद व चपटे करण्याच्या आणि पेट्रोलच्या टाकीचे तोंड लहान ठेवण्याच्या कामाला त्यांनी आपले वजन दिले. मग चुकीची नळी टाकीत शिरतच नाही. त्या तोंडाला आज हूव्हरांचेच नाव आहे. एका क्षमेबरोबर एक उपायही आला. ज्याला धाक नाही तोच आपली चूक कशी घडली ते खरे सांगतो, आणि खरे कळले तरच उपाय सापडतो. आमच्यासमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाने आम्हांस काहीही सांगितले नसते. झाकणावर अक्षरे नव्हती, एवढेही नाही.

पौलानेही तारवावर हेच केले. वादळात चौदा दिवस गेले. माझे ऐकले असते तर हे झाले नसते, हे त्याने एकदा स्पष्ट सांगितले, कारण ते खरे होते. पण तेथेच तो थांबला नाही. त्याने सर्वांना धीर दिला, अन्न खाण्यास सांगितले, भाकर घेऊन देवाचे उपकार मानले आणि स्वतः सर्वांआधी खाल्ली. ज्यांनी त्याचे ऐकले नव्हते त्यांच्याच बरोबर. तारू मोडले, पण २७६ माणसे मेलिता बेटावर जिवंत पोहोचली.

आम्ही आता पंपावर खाली उतरतो. झाकण उघडण्यापूर्वी "डिझेल" म्हणतो, आणि नळीकडे पाहतो. जीपच्या झाकणावर त्या वडिलांनी नवी अक्षरे रंगवून घेतली. रंगाचे पैसे आम्ही दिले. त्या मुलाचा पगार मात्र आम्हांस परत देता आलेला नाही. वाचकांपैकी कोणी पंपावर, गिरणीत, वखारीत किंवा दुकानात नोकर ठेवीत असतील त्यांनी ही गोष्ट आपल्याजवळ ठेवावी.

शिक्षकांसाठी सूचना

लहान वर्ग : काचेच्या पेल्यात थोडे पाणी घेऊन त्यात शाईचा एक थेंब टाकावा. वरून गोडे तेल ओतावे, हलवावे, आणि पाच मिनिटे ठेवावे. पाणी कोठे बसते ते मुलांना पाहू द्यावे. वैमानिक टाकीच्या तळातूनच नमुना का काढतो, हे मग मुलेच सांगतील. रॉकेल किंवा पेट्रोल वर्गात आणू नये.

मधला वर्ग : दोन वेगळ्या आकाराची भांडी आणावीत व दोन्हींना "माप" म्हणावे. एका मुलाने एका भांड्याने पाच मापे तांदूळ मोजावे, दुसऱ्याने दुसऱ्याने. मग कॅनडाच्या विमानाची गोष्ट सांगून फळ्यावर गुणाकार करावा.

मोठा वर्ग व तरुण संघ, चर्चेसाठी प्रश्न :

(१) शताधिपतीने तांडेलाचे ऐकले ह्यात त्याचे काय चुकले? तज्ज्ञाचे ऐकू नये असा ह्याचा अर्थ होतो काय?

(२) आपल्या घरात किंवा मंडळीत असे कोणते काम आहे जे सर्वांचे समजले जाते आणि म्हणून कोणीच तपासत नाही? येत्या महिन्यासाठी त्याला एक नाव लावा.

(३) "आज नाही" असे आपण शेवटचे केव्हा म्हणालो? म्हणायला हवे होते, पण म्हटले नाही, असा प्रसंग कोणता?

(४) आपल्या हाताखालच्या कोणाकडून चूक झाली तर तो आपल्याला येऊन सांगेल काय? सांगणार नसेल तर का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मोठ्याने मागू नये. प्रत्येकाने ते घरी नेऊन, ज्याच्याविषयी ते आहे त्याच्याशी ह्याच आठवड्यात बोलावे.